ठाव नाय

योगिनीला खोड्या करायला आवडायच्या, पण खोटं बोलायला अजिबात नाही, आणि ही गोष्ट कुवेतमधल्या तिच्या शाळेत कुणाला म्हणजे कुणालाच पटत नसे. तिचा आपला एक नियम होता. खोडी केली की तिथेच कुठेतरी कोपऱ्यात एवढासा कावळा काढून ठेवायचा, गोल डोकं, वाकडी चोच, दोन काड्यांचे पाय. पीटीच्या सरांच्या शिट्टीत चिंगम भरलं, तर शिट्टीच्या डबीत कावळा. प्रिन्सिपलबाईंच्या दारावरची पाटी उलटी टांगली, तर पाटीच्या मागे कावळा. कावळा असेल तिथे योगिनी, नसेल तिथे दुसरं कुणीतरी, इतका सरळ कारभार. नववीत एकदा आपटून ती त्याच वर्गात, त्याच बाकावर, खिडकीशी पुन्हा बसली होती, आणि त्याचंही तिला फारसं काही वाटत नव्हतं, कारण खिडकीतून समोरच्या बकालावाल्याची, म्हणजे वाण्याची, मांजरं दिसायची आणि ती इतिहासापेक्षा बरी होती.

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, तिने पंख्याची खोडी केली. बाबांनी सालमियाच्या बाजारातून आणलेला स्ट्रॉबेरीच्या वासाचा गुलाबी खोडरबर तिने किसणीवर किसला, मधल्या सुट्टीत बाकावर बाक चढवून तो चुरा पंख्याच्या पात्यांवर पसरला, आणि इतिहासाच्या तासाला शामला मिस आल्या आल्या बटण दाबलं. अख्ख्या वर्गावर गुलाबी चुरा भुरभुरला. मिसच्या केसांत, चष्म्यावर, पुस्तकातल्या औरंगजेबावर. वर्गभर असा वास सुटला, जणू कुणीतरी आइस्क्रीम सांडलंय. मिस पुण्याच्या. त्या ओरडत नाहीत, आवाज खाली नेतात.

"कावळा कुठंय?" त्यांनी विचारलं.

"फळ्यामागे, मिस."

मिसने उरलेला खोडरबर तिच्याकडून काढून घेतला, आपल्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि शिक्षा सुनावली. पिकनिकला जायचं नाही. त्याऐवजी प्रदर्शनासाठी नकाशा काढायचा.

प्रदर्शन म्हणजे 'ब्रिटिशांचा इतिहास: नकाशे, दप्तरं आणि धाडसी माणसं'. व्हिटकम नावाचे एक म्हातारे साहेब होते, तेलाच्या कंपनीतून रिटायर होऊनही कुवेतमध्येच राहिलेले, जुने नकाशे जमवायचा नाद असलेले, दर शुक्रवारी स्वतःच्या बोटीतून फिरणारे. शाळेला त्यांनी लायब्ररी करून दिली होती, तेव्हा त्यांच्या नादाचं प्रदर्शन भरवणं शाळेला भागच होतं. योगिनीच्या वाट्याला लेफ्टनंट पेनफोल्डचा नकाशा आला. हा पेनफोल्ड पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईहून जहाज घेऊन आला आणि त्याने कुवेतच्या या सगळ्या उपसागराची खोली दोरीला शिसं बांधून मोजली, असं मिस सांगत होत्या. हा समुद्र मोजणारा पहिला माणूस! मोठ्या चार्टपेपरवर किनारा शाईने काढायचा आणि नावं आधी पेन्सिलीने, म्हणजे चुकलं तर खोडता येईल.

"मिस, दोरी पेनफोल्ड स्वतः सोडायचा?"

"छे, तो अधिकारी होता. दोरी खलाशी सोडायचे."

"कोण खलाशी?"

"त्याची नोंद नाही."

"मग मोजणारा पहिला माणूस तो कसा? तो तर लिहिणारा पहिला माणूस."

"योगिनी, नकाशा काढ."

रिग्गईतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जेवायच्या टेबलावर एक वाटी सरकवली की दुसरी पडायची, इतकी जागा. तिथेच चार्टपेपर पसरून ती बसली. आई हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होती. बाबा, म्हणजे जगन्नाथ, तेही त्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे, ते आंघोळ करून आले आणि टॉवेल खांद्यावर टाकून नकाशाकडे बघत उभे राहिले. बाबा बाहेर हिंदी बोलत, डॉक्टरांशी इंग्लिश, शुर्त्याशी, म्हणजे पोलिसाशी, मोडकं अरबी, पण घरात आले की बुटांबरोबर सगळ्या भाषा दाराशी काढून ठेवत आणि मालवणी बोलत.

"ही दोरी आमच्याच माणसांनी सोडल्यानी आसतली गो," ते म्हणाले. "मुंबयच्या जहाजार खलाशी कोण? मालवण, देवगड, विजयदुर्ग. आमचो पणजो तुकाराम होडयेच्या तोंडार उभो ऱ्हवान असोच शिसा सोडी. खलाशी ओरडी, नि सायब लिवी."

"आणि नाव साहेबाचं."

"मगे? लिवणाऱ्याचाच नाव ऱ्हवता."

हे वाक्य योगिनीला मटणातल्या हाडासारखं लागलं. बाबा आत गेल्यावर ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली, आणि मग तिला ती खोडी सुचली. उपसागराच्या मधोमध, जिथे मिसने दिलेल्या झेरॉक्समध्ये नुसतं कोरं पाणी होतं, तिथे तिने पेन्सिलीने ठिपक्याठिपक्यांचा एक लांबट गोल काढला. आत पेनफोल्डच्या वळणदार अक्षरांत, शेपट्या-बिपट्या काढून, इंग्रजी लिपीत लिहिलं, साहेबाला ठ जमणार नाही म्हणून: 'थाव नाय'. तिच्या डोळ्यांसमोर चित्रच उभं राहिलं होतं. साहेब टोपी सावरत विचारतोय, या जागेला काय म्हणतात? खलाशी म्हणतोय, ठाव नाय, म्हणजे मला काय माहीत बाबा! आणि साहेब मान डोलावून अगदी मन लावून ते नाव लिहून घेतोय. प्रदर्शनाला कोकणातले आईबाप येतील, ते वाचतील, आणि पोट धरून हसतील. गोलाच्या उजव्या टोकाला तिने कावळा काढला. नियम म्हणजे नियम.

प्रदर्शनाच्या दिवशी झालं भलतंच. कोकणातले आईबाप समोशांच्या टेबलापाशी अडकले आणि नकाशापाशी पहिले पोचले ते व्हिटकम साहेब. उंच, वाकलेले, कानात केस. ते प्रत्येक तक्त्यापुढे थांबून 'लव्हली, लव्हली' म्हणत येत होते. पेनफोल्डपुढे आले आणि ते लव्हली म्हणायचेच राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाकले.

"हे कुणी काढलं?"

"मी," योगिनी म्हणाली, आणि हसू दाबायला तिने गालाची आतली बाजू चावली.

"हे नाव तुला कुठे मिळालं?"

"मीच बनवलं. जोक आहे तो, सर."

साहेब हसले नाहीत. त्यांनी शिपायाला ऑफिसच्या कपाटातून आपलं पाकीट आणायला पाठवलं. ते आठवडाभर तिथे ठेवलेलं होतं, लाखेचं सील लावलेलं, कारण भाषणाच्या शेवटी ते सगळ्यांसमोर उघडायचं होतं. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सील फोडलं आणि आतून एक मोठा फोटो काढला. लंडनच्या एका दप्तरखान्यात पेनफोल्डच्या हातचा कच्चा नकाशा त्यांना सापडला होता, जो कधीच छापला गेला नाही, आणि त्याचा हा फोटो त्यांनी आजवर कुणाला दाखवला नव्हता. तो ते आपल्या पुस्तकात छापणार होते. फिकट तपकिरी शाईतला किनारा. मधोमध ठिपक्यांचा लांबट गोल. आत वळणदार अक्षरं, शेपट्यांसकट: थाव नाय.

"मी या दोन शब्दांचा अर्थ किती वर्षं शोधतोय," साहेब हळू आवाजात म्हणाले. "अरबी नाही. फारसी नाही."

पण योगिनी अक्षरांकडे बघतच नव्हती. गोलाच्या उजव्या टोकाला एक डाग होता. साहेब त्याला डाग म्हणत होते, आणि 'पोरीने डागसुद्धा उतरवलाय' असं प्रिन्सिपलबाईंना दाखवत होते. गोल डोकं. वाकडी चोच. दोन काड्या.

तिचं हसू गालातच विरून गेलं.

पुढचं सगळं प्रिन्सिपलबाईंच्या केबिनमध्ये झालं. पाकीट ऑफिसात होतं, योगिनी शिक्षा म्हणून रोज ऑफिसाबाहेर उभी असायची, म्हणजे तिने पाकीट उघडून फोटो बघितला, नकाशात उतरवला, आणि सील परत चिकटवलं. याहून वेगळं काही होऊच शकत नव्हतं, असं सगळ्यांचं एकमत झालं, आणि खरं सांगायचं तर योगिनीलाही त्यात काही चूक काढता येईना.

"सील तर साहेबांनी आत्ता सगळ्यांसमोर फोडलं," ती म्हणाली.

"तुला सील लावता येत नाही असं मी तरी म्हणणार नाही," शामला मिस म्हणाल्या. "शिट्टीत चिंगम भरणारी मुलगी तू."

"त्याच्यात कावळा होता, मिस. मी केलं तर मी सांगते. हे मी चोरलं नाही. मी बनवलं."

बाईंनी टाइप केलेला माफीचा कागद पुढे सरकवला. मी परवानगीशिवाय पाकीट उघडले, इत्यादी. सही केली तर प्रकरण संपलं. नाही केली तर टीसी, आणि कुवेतमध्ये टीसीवर चोरी लिहिलेल्या मुलीला दुसरी शाळा दारात उभं करत नाही. म्हणजे मालवणला आत्याकडे, आणि आईबाबा इथे, वर्षातून एकदा भेटायला. साहेबांनाही सही हवीच होती. एका नापास पोरीने जोक म्हणून काढलेला गोल त्यांच्या शोधात जसाच्या तसा निघाला, असं कुणाला कळलं असतं तर पुस्तकाचं हसू झालं असतं.

"आणि तो गोल खोडून टाक," मिस म्हणाल्या. "शनिवारी बक्षीस समारंभाला नकाशा स्वच्छ पाहिजे. साहेबांचं पुस्तक येण्याआधी ते नाव बाहेर दिसता कामा नये."

"मी नाही खोडणार."

"मग शुक्रवारी सकाळी मी येऊन खोडते," मिस आवाज अगदी खाली नेऊन म्हणाल्या. "तुझ्याच त्या गुलाबी खोडरबराने."

घरी बाबा माफीचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होते.

"सही कर नि मोकळी हो गो. कित्याक वाकड्यात शिरतंस? टीसी दिल्यानी तर तुका आतयेकडे धाडूचा लागतला. तुझी आवस ऱ्हवात काय तुझ्याबिगर?"

"जाईन मी. पण चोर म्हणून नाही जाणार."

"काय लिवलंस तरी काय असा?"

तिने सांगितलं. दोन शब्द ऐकल्यावर बाबा हसतील असं तिला वाटलं होतं. बाबांनी कागद टेबलावर ठेवला.

"ह्याचो अर्थ काय, म्हायत आसा तुका?"

"माहीत नाही."

"असा कसा नाय म्हायत?"

"अहो बाबा, ठाव नाय म्हणजे 'माहीत नाही'!"

"ता घरातला झाला," बाबा म्हणाले. "होडयेर ठाव म्हणजे तळ. दोरी सोडली, सोडली, नि शिसा खंयच टेकला नाय, का खलाशी ओरडी, ठाव नाऽऽय! म्हणजे हंय तळच नाय. सायबानु, जहाज हंय नांगरू नकात." त्यांनी तोंडाशी हाताचा कर्णा केला. "पणज्याचो आवाज म्हणे बंदरार ऐकू येय."

योगिनीला हे माहीत नव्हतं. तिने फक्त जोक केला होता. पण नकाशात ठिपक्यांचा गोल काढून आत लिहावं असं काही असेल, तर ते हेच, हे तिच्याही लक्षात आलं. आणि का कोण जाणे, भीतीपेक्षा तिला राग जास्त आला. एवढं घसा फोडून ओरडायचं आणि नोंद नाही!

"बाबा, साहेबाकडे होडी आहे ना? आपण जाऊन मोजूया."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि तो कागद टेबलाच्या काठाशी ढकलला. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून परस्पर ते अम्गराच्या भंगारबाजारात गेले आणि तिथून मुठीएवढं शिसं घेऊन आले. बकालातून कपडे वाळत घालायची नायलॉनची गुंडाळी आणली. दोन हात पसरून एक वाव, दर वावेला एक गाठ, असं करत बापलेक हॉलभर दोरी पसरून बसले. शिशाच्या बुडाला बाबांनी चमच्याने खळगा पाडला आणि त्यात स्वयंपाकघरातलं वनस्पती तूप भरलं.

"हे कशाला?"

"तळाक काय आसा ता ह्याका चिकटान वर येता. रेव, चिखल, शिंपले. पणजो चरबी लावी."

साहेबांना फोन करून शब्दांचा अर्थ सांगितला तेव्हा ते लगेच तयार झाले. योगिनीने फोनवर अटही घातली, आणि ती ऐकून साहेब पहिल्यांदा हसले. तळ लागला तर तिने सही करायची. नाही लागला, तर ती चोर नाही असं साहेबांनी लिहून सही करायची.

शुक्रवारी सकाळी तिघं सालमियाहून निघाले. ऊन नुकतं चढत होतं, मशिदींतून खुतब्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनाच्या, आधीची शांतता होती, आणि पाणी इतकं सपाट की इस्त्री केल्यासारखं. मागे कुवेत टॉवर्सचे निळे गोळे हळूहळू लहान होत गेले. साहेबांच्या पांढऱ्या बोटीवर खोली मोजायचं यंत्र होतं. त्यांनी आजचा छापील नकाशा गुडघ्यावर पसरला होता आणि पेनफोल्डचा फोटो फोल्डरमध्ये मांडीखाली दाबला होता.

"इथे सगळीकडे चिखल आहे," ते म्हणाले. "तीन मीटर. पोरी, पेन आणलंयस ना?"

"तुमचं चालेल."

यंत्र तीन म्हणत होतं. मग तीन, मग तीन. उपसागराच्या मधोमध आल्यावर साहेबांनी इंजिन बंद केलं आणि ते यंत्राकडे वाकले. आकडा गेला होता. त्याच्या जागी दोन आडव्या रेघा होत्या. साहेबांनी काचेवर बोटाने टिचकी मारली, मग तळहाताने थापट मारली. रेघा तशाच.

योगिनी बोटीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि तिने शिसं सोडलं.

दोरी बोटांतून सरसरत गेली. पहिली गाठ, दुसरी गाठ. इथे टेकायला हवं होतं. टेकलं नाही. गाठी बोटांना लागत गेल्या आणि पाण्यात उतरत गेल्या, बाबा मागून गुंडाळी सैल करत होते, साहेब आपल्या जागेवरून उठून उभे राहिले होते, आणि तरी खालचं वजन तेवढंच होतं, लोंबतं, सरळ, जड. गुंडाळी संपली. शेवटचं टोक बाबांनी मनगटाला गुंडाळून धरलं. तळ नव्हता.

तिला ओरडायचं नव्हतं, म्हणजे तसं तिने ठरवलं नव्हतं. पण पोटातून काहीतरी वर आलं आणि तिचा नेहमीचा चिरका आवाज सोडून कुठल्यातरी भरदार आवाजात बाहेर पडलं.

"ठाव नाऽऽऽय!"

बाबांनी डोळे मिटले.

साहेबांनी दोरी स्वतःच्या हातात घेऊन पाहिली, वर-खाली करून पाहिली, आणि परत दिली. त्यांचा चेहरा फोटोतल्या कागदासारखा झाला होता. पण माणूस शब्दाचा पक्का. योगिनीने आणलेला माफीचा कागद त्यांनी उलटा केला आणि मागे लिहिलं की या मुलीने काहीही चोरलेलं नाही. खाली सही केली.

"अजून एक," योगिनी म्हणाली. "लिहा. हे नाव पेनफोल्डने दिलेलं नाही. दोरी सोडणाऱ्याने दिलं."

"त्याचं नाव आपल्याला माहीत नाही."

"मग तेच लिहा ना, सर. माहीत नाही असं लिहा. नोंद नाही असं नका लिहू. तो होता."

साहेबांनी लिहिलं. योगिनीने कागदाची घडी करून खिशात घातली. आता कुणाचा बापही तिला मालवणला पाठवू शकणार नव्हता. बाबांनी तिच्या टाळक्यात हलकेच टपली मारली, आणि दोघं मिळून दोरी ओढू लागले. ओढताना दोरी कोमट लागत होती.

शिसं वर आलं. बाबांनी ते टॉवेलात धरलं, उलटं केलं, आणि बघतच राहिले.

"ह्या काय गो?"

तुपाला रेव नव्हती, चिखल नव्हता. बारीक बारीक, वळ्या पडलेला गुलाबी चुरा चिकटला होता. ओला, ताजा. बोटीभर स्ट्रॉबेरीचा वास सुटला.

शुक्रवार सकाळ. शामला मिस दिलेला शब्द मोडत नाहीत; या वेळी त्या शाळेत नकाशा खोडत असणार.

साहेबांनी घाईघाईने बाकावर राहिलेलं फोल्डर उघडलं. योगिनी वाकून बघायला गेली. ठिपक्यांचा गोल डाव्या बाजूने तुटला होता. 'थाव' नव्हतं. 'नाय' होतं, तेही अर्धं. उजव्या टोकाला कावळा अजून होता.

तिने मान वर केली. डावीकडे, जिथे मघाशी पाणी आणि पाण्यापलीकडे किनाऱ्याची काळसर रेघ होती, तिथे नुसतं पांढरं होतं. धुकं नव्हे, धूळ नव्हे. कोरं. मधे मधे, नीट न पुसल्यासारखं, थोडंसं करडं. आणि ते सरकत होतं, थांबत थांबत, पुढे-मागे, पुढे-मागे, एखादा हात घासतो तसं.

"बाबा, दोरी हातातून सोडू नका," योगिनी म्हणाली.

तिने साहेबांच्या खिशातलं पेन ओढलं, टोपण दाताने काढून थुंकलं, बोटीच्या पांढऱ्याशुभ्र फळीवर गुडघे टेकले, आणि तो गोल शाईने पुन्हा काढायला घेतला, कावळ्यापासून.